मार्क ट्वेनची बातमीपत्रे

कोणत्याही एका वृत्तपत्राच्या कायम नोकरीस बांधून न घेता, मजकुरामागे ठरलेल्या मेहनतान्यावर देशोदेशींचे वृत्तांत पुरविणारा वार्ताहर ही काही आजच्या युगाची निर्मिती नव्हे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन 1866 साली सॅक्रामेंटोच्या ‘युनियन’ पत्रासाठी हवाई बेटांतून बातमीपत्रे लिहीत असता, भर समुद्रात जळालेल्या ‘हॉर्नेट’ जहाजावरील 15 माणसे, अवघ्या 10 दिवसांच्या शिध्यावर 43 दिवस उघड्या होडीत काढून, तेथे किनाऱ्यास लागली. घोड्यावरच्या रपेटीने अंग सोलवटून ट्वेन तेव्हा अंथरुणास खिळला होता; तरीही तो डोलीतून रुग्णालयात गेला, वाचलेल्यांच्या जबान्या टिपून घेतल्या, रात्रभर जागून मजकूर सिद्ध केला, आणि ते बाड सकाळी सुटत्या जहाजावर अक्षरशः फेकण्यात आले. पॅसिफिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल तोवर पडली नव्हती. ते जहाज चुकते तर बातमी शिळीच झाली असती!

यंत्रांचा त्याचा षोकही दांडगा. मात्र तेथे, माझ्या मते, त्याची दृष्टी लेखनाइतकी डोळस नव्हती. पेज नामक गृहस्थाच्या खिळे जुळविण्याच्या यंत्रात त्याने अमाप द्रव्य ओतले, ते सारे बुडाले, आणि 1894 मध्ये त्याच्या प्रकाशनसंस्थेचेही दिवाळे वाजले. देणेकऱ्यांची बाकी चुकती करण्यासाठी व्याख्याने देत जगप्रवास करताना तो जानेवारी 1896 मध्ये मुंबईस आला व वॉटसन हॉटेलात उतरला. 1898 मध्ये त्याने सर्व कर्ज फेडले.