प्रश्न रुग्णाच्या बोलीत हवेत



गोदाकाठच्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. 1998 साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांचा विचार करणारी परिषद इथे होते आहे, याचा आम्हां नाशिककरांना आनंद वाटतो.

अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येत नाहीत. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेने मोकळे जगता येते. पण ऑपरेशननंतर बोलणे किंवा आठवण गेली तर? 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या अपस्माराच्या रुग्णाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवे काही लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली.

हा धोका आधीच जोखायला मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जुन वाडा यांची चाचणी आहे. त्यांनी ती 1949 साली मांडली, पुढे मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी तिला स्मरणाच्या परीक्षेची जोड दिली. जांघेतून नळी मानेतल्या धमनीपर्यंत नेतात आणि अमोबार्बिटल हे गुंगीचे औषध सोडतात. मेंदूची ती बाजू काही मिनिटे निजते. विरुद्ध बाजूचा वर धरलेला हात खाली पडतो. तेवढ्याच वेळात चित्रे दाखवून विचारायचे, ‘हे काय आहे?’

आज अमोबार्बिटल सहज मिळत नाही, म्हणून मेथोहेक्सिटल, इटोमिडेट, प्रोपोफॉल वापरतात. प्रत्येकाचा अंमल वेगळा. शिवाय या चाचणीत पक्षाघाताचा थोडा का होईना, धोका आहेच. भाषेपुरती तरी अनेक केंद्रांत फंक्शनल एमआरआयने या चाचणीची जागा घेतली आहे. मग ती कोणाला करावी, कोणाला टाळावी, यावर आपण मोकळेपणाने बोलावे.

यजमान म्हणून एक आग्रह धरतो. आमच्या जिल्ह्यात बागलाण-मालेगावकडे अहिराणी चालते, पेठ-सुरगाण्याकडे आदिवासींची कोकणी. तिथल्या शेतकऱ्यासमोर पियानोचे चित्र धरले आणि तो गप्प राहिला, तर ते औषधामुळे की प्रश्नामुळे? उत्तर चुकले तर ऑपरेशनचा निर्णयही चुकेल. फंक्शनल एमआरआयमध्येही हीच अडचण येते. त्या शेतकऱ्याला विळा, सूप, घागर दाखवा आणि घरात बोलतो त्याच बोलीत विचारा. मराठी, अहिराणी आणि कोकणी रुग्णांवर पारखलेला प्रश्नसंच तयार करण्याचे काम या परिषदेने हाती घ्यावे. भाषातज्ज्ञ आणि शिक्षक मिळवून देण्याची जबाबदारी आम्ही नाशिककर घेतो.