कॉम्प्युटर एकच, पण पाळी सगळ्यांना
(शहाड येथील गटांच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकाने केलेले भाषण)



मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं होतं, "शाळेत कॉम्प्युटर एकच, पोरं चाळीस. माझ्या पोरीचा नंबर कधी लागायचा?" आज त्याच्यावरच बोलते.

गटात मिरची कांडप यंत्र एकच असतं. म्हणून काम अडतं का? एक जण यंत्रावर, दुसरी मिरची निवडते, तिसरी वजन करते आणि पाळी वहीत लिहिलेली असते. वर्गातही हेच करता येतं.

विजेचा धडा घ्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने 'फेट' नावाचे विज्ञानाचे खेळ ऑनलाइन ठेवलेत. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी हे काम 2002 मध्ये सुरू केलं. खेळ फुकट आहेत, बरेचसे मराठीतही आहेत. एकदा डाउनलोड करून ठेवले, की नेट नसलं तरी चालतात. त्यात सेल, तार, बल्ब जोडून वीज कशी वाहते ते दिसतं.

शिकवायचं कसं? मुलांचे पाच-पाचचे गट करायचे. आधी प्रश्न: एका बल्बच्या पुढे त्याच तारेत दुसरा बल्ब जोडला, तर उजेड वाढेल की कमी होईल? प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा. मग एक गट पडद्यावर जोडून बघतो. तोवर बाकीचे गट टॉर्चचे दोन सेल, तार आणि बारके बल्ब घेऊन हाताने जोडतात. दोन्हीकडे उजेड मंद होतो. का झाला, यावर मुलं बोलतात, आणि खरं शिकणं तिथेच होतं. फक्त घरच्या प्लगला हात लावायचा नाही, हे पोरांना बजावून सांगा.

साधनं कमी असूनही काम होतं, हे आपल्याच राज्यात दिसलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. त्यांना 2020 चा 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाला. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड 'दीक्षा' अ‍ॅपने स्कॅन केला, की धड्याचे व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर दिसतात. रात्री अर्धा तास मोबाइल पोरीच्या हातात द्या आणि शेजारी बसा.

आता मनातलं सांगते. माझ्या शाळेत माउस कायम मुलांच्याच हातात असायचा. आम्ही मुली मागे उभ्या राहून बघायचो. आम्हाला कोणी नाही म्हटलं नव्हतं, पण पाळीच लावलेली नव्हती. पाळी लिहिलेली नसली, की मागे मुलीच राहतात.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बोला. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे 2009 च्या कायद्याने, समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. तिथे तीन गोष्टी विचारा: कॉम्प्युटर चालू आहे की कापडाखाली झाकलेला? आठवड्यात विज्ञानाला किती वेळ मिळतो? मुलींची पाळी वहीत लिहिली आहे का?

बचतीचा हिशोब आपण पैशापैशाचा ठेवतो ना? पोरींच्या पाळीचाही ठेवू या. पुढच्या बैठकीला या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन या.