हाडाला वॉर्निश लावू नका

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि लांबलेलं प्रास्ताविक आटोपून अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या, तोवर अंबाजोगाईच्या त्या सभागृहात जेवणाचा वास दरवळू लागला होता. भूशास्त्र शिकवणाऱ्यांच्या या मेळाव्यात त्यांनी वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असं ठरलं होतं. आयोजकांचे आभार, योगेश्वरीला नमस्कार, मुकुंदराजांचं स्मरण हे सगळं तीन वाक्यांत उरकलं. चौथ्या वाक्यात आढावा सुरू झाला आणि डायनासोरच्या हाडांवरच अडकला.

“बीडमध्ये डायनासोर कुठून आणणार, असं तुमच्या मनात आलं असेल,” त्या म्हणाल्या. खरंच आहे. या जिल्ह्यात विहीर खणा नाहीतर अंबाजोगाईच्या शिवलेणीच्या भिंतीला हात लावा, लागतो तो काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. डायनासोरची हाडं ज्या लॅमेटा थरांत सापडतात, ते या लाव्हाच्या खालचे. आपल्या राज्यात ते उघडे पडलेत चंद्रपूरकडे. वरोरा तालुक्यातलं पिजदुरा जीवाश्म झालेल्या विष्ठेसाठी जगभर माहीत आहे, आणि त्याच भागातल्या डोंगरगावच्या टेकडीवर निघालेला सांगाडा आज इसिसॉरस या नावाने ओळखला जातो.

पिजदुऱ्याच्या विष्ठेवर बाई जरा रेंगाळल्या. वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सिलिकाकण शोधले. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे 2005 साली जगाला कळलं ते त्यातून. त्याच वर्षी मेरी श्वाइट्झर यांनी अमेरिकेतल्या माँटानातून आलेल्या टी. रेक्सच्या मांडीच्या हाडातलं खनिज विरघळवलं. हाड 6.8 कोटी वर्षांपूर्वीचं, आणि मागे उरलं ते ओढलं तर ताणलं जाणारं, बारीक नळ्या असलेलं काहीतरी.

“ते हाड हेलिकॉप्टरमध्ये मावेना म्हणून मोडावं लागलं, ही गोष्ट सगळे चवीने सांगतात. मोडलेल्या तुकड्यांना कुणी गोंद लावला नाही, रसायन चोपडलं नाही, हे मात्र कुणी सांगत नाही!” टेबलावर थाप पडली. बाईंना वर्षानुवर्षं बोलायचं होतं ते हेच.

पुढचा वाद त्यांनी भराभर सांगितला. 2007 मध्ये त्याच हाडातून कोलॅजन या प्रथिनाचे तुकडे वाचल्याचा दावा झाला. 2008 मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं, या मऊ नळ्या म्हणजे जिवाणूंनी नंतर धरलेली साय. 2009 मध्ये श्वाइट्झर यांच्याच गटाने आठ कोटी वर्षांपूर्वीच्या बदकचोच्या ब्रॅकिलोफोसॉरसचं हाड भोवतालच्या वाळूखडकासकट उचललं आणि उघडं केलं ते प्रयोगशाळेच्या शिस्तीत. तरी 2017 मध्ये मायकेल बकली आणि सहकाऱ्यांनी शंका काढलीच: हे प्रथिनाचे तुकडे शहामृगाच्या कोलॅजनशी जुळतात, आणि तुलनेसाठी शहामृग तर प्रयोगशाळेतच होता.

जिवाणू, शहामृग की डायनासोर? यावर बाईंचा निकाल तयार होता. “मला त्या भांडणात पडायची गरज नाही. मी सरस पाहिलाय.”

जीवाश्मं साफ करण्यात त्यांची हयात गेली. एकदा तीन तुकडे जोडलेला एक मणका त्यांच्याकडे आला. सांध्यावर तपकिरी रेघ होती. कोमट पाण्याचा बोळा ठेवला तशी ती चिकट झाली, ओघळली, आणि सुताराच्या दुकानात येतो तो वास सुटला. सरस जनावरांची कातडी-हाडं उकळून करतात, म्हणजे तो मुळात कोलॅजनच. “आता या मणक्यात कोलॅजन सापडलं, तर ते कुणाचं? डायनासोरचं की कुठल्या म्हशीचं?”

दुसरी गोष्ट एका संग्रहालयातली. नाव त्यांनी घेतलं नाही. काचेमागचं हाड शिसवी पलंगासारखं चकाकत होतं. विचारलं तेव्हा शिपाई अभिमानाने म्हणाला, “मॅडम, दर दिवाळीला वॉर्निशचा एक हात मारतो!” सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

सकाळच्या सत्रात एका प्राध्यापकांनी म्हटलं होतं की, उष्ण देशात प्रथिनं टिकतच नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? पाणी आणि उष्णता प्रथिनांची साखळी तोडतात, हे बाईंना मान्य आहे. पण केनियातलं तुर्काना काही थंड हवेचं ठिकाण नव्हे, आणि तिथल्या 1.8 कोटी वर्षांपर्यंतच्या दातांच्या एनॅमलमधून प्रथिनांचे तुकडे मिळाल्याचं 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. डायनासोर त्याहून कितीतरी जुने, त्यामुळे तिथे हाताला काहीच लागणार नाही, हेही शक्य आहे. “नाही लागलं तर नाही लागलं. पण शोधायच्या आधीच वॉर्निश फासायचं, हा कुठला न्याय?”

मागणी एवढीच: हाड निघालं की गोंद, वॉर्निश, पाणी, काहीही लागायच्या आत एक तुकडा वेगळा काढायचा. हातमोजे घालून, फॉइलमध्ये गुंडाळून, जागा आणि तारीख लिहून कोरड्या, थंड ठिकाणी ठेवायचा. याची नियमावली व्हावी, महाविद्यालयांनी शिबिरं घ्यावीत, जिल्ह्याजिल्ह्यात असे तुकडे ठेवायला एक पेटी असावी. नियमावली कोण लिहिणार? “तरुणांनी.” पेटीला पैसे? “ते बघू.”

प्रश्नोत्तरांत मांजराकाठच्या एका शिक्षकाने हात वर केला. नदीच्या गाळात प्लाइस्टोसीन काळातली जनावरं सापडतात. त्यांच्या एका विद्यार्थ्याने तसाच जबड्याचा तुकडा आणला होता. तो धुऊन, ऑइल पेंटने क्रमांक टाकून कपाटात ठेवलाय.

“क्रमांक कुठे टाकलाय?”

“हाडावर, मॅडम.”

“दाढा आहेत?”

“दोन आहेत.”

“त्यांना रंग लागलाय?”

“नाही.”

“मग आता कुणी हात लावू नका. मी पुढच्या आठवड्यात येते.”