प्रसादाचा सव्वा आणि साहेबाचा पौंड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



केळी व द्राक्षे घालून केलेल्या रव्याच्या केकविषयी आज मी चार शब्द सांगणार आहे. त्यात अंडे नाही. "हे काय नवीन?" असे काहींच्या मनात येईल. पण मला तो पदार्थ फारसा नवा वाटत नाही. का ते आधी सांगते, मग कृती सांगेन.

सत्यनारायणाचा प्रसाद आपणा सर्वांच्या हातात बसलेला आहे. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा, आणि त्यात पिकलेले केळे. वजनकाटा नको, वाटी एकच असली म्हणजे झाले. आता इंग्रजांचा जुना 'पौंड केक' पाहा. एक पौंड मैदा, एक पौंड लोणी, एक पौंड साखर आणि एक पौंड अंडी, म्हणून नावच पौंड. आपल्या हिशेबाने प्रत्येकी सुमारे ४५० ग्रॅम. त्यांच्या अठराव्या शतकातल्या पाकपुस्तकांत ही कृती सापडते. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईच्याही ध्यानात राहावे, असे सारखे माप इकडेही चालत आले आणि तिकडेही.

कोणी म्हणेल, भाजण्याची रीत तरी साहेबाचीच ना? तसेही नाही. कोकणात काकडीचे धोंडस करतात. रवा, गूळ आणि किसलेली काकडी यांचे मिश्रण पातेल्यात घालायचे, खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. पाठारे प्रभूंच्या घरी भानोलेही असेच होई. विजेची भट्टी आली नव्हती तेव्हाही आपल्या आज्या-पणज्या खालून-वरून आच देतच होत्या. साहेबाने त्याला लोखंडी पेटी केली, एवढेच.

आणि परके म्हणून काय काय सोडणार? उपासाची खिचडीच घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, ही चारही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज आणि इतर गलबतवाल्यांबरोबर ती इकडे आली. आज त्यांच्यावाचून आपली एकादशी होत नाही! पेरू, सीताफळ आणि अननसही तिकडचेच.

मग अडते कुठे? अडते अंड्यापाशी. आपल्या मंडळात शरणपूर भागातल्या एक भगिनी आहेत. एकोणिसाव्या शतकात मिशनने वसविलेली ती जुनी ख्रिस्ती वस्ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. या बाई दर नाताळात घरी केलेला केक मंडळात आणतात, आणि दर वर्षी डबा अर्ध्याहून अधिक भरलेला परत जातो. कोणी "वार आहे" म्हणते, कोणी "आत्ताच खाऊन आले" म्हणते. अंडे चालत नाही हे खरे कारण मात्र कोणी सांगत नाही. न खाणे यात अपमान नाही, ज्याचा त्याचा आचार असतो. परंतु कारण न सांगता डबा पुढे सरकवला की समोरच्या माणसाला तो आपलाच नकार वाटतो. मागच्या खेपेस त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नाही आणला तर चालेल ना?" ते ऐकून मला बरे वाटले नाही.

आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला, तरी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. पुढे ते कसे सुटले, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आपल्याला एवढे मोठे पाऊल टाकायचे नाही. एका ताटातला घास सर्वांना घेता यावा, इतकेच पाहायचे आहे. म्हणून त्या बाई आणि मी, दोघींनी मिळून हा केक बसवला. रव्याचे माप माझे, फळांची युक्ती त्यांची.

आता कृती. बारीक रवा अडीच वाट्या, म्हणजे दोन सव्वा. साखर सव्वा वाटी. तूप मात्र पाऊण वाटीच, कारण प्रसाद चिमूटभर घेतात आणि केक फोडीने खातात. गोडसर ताजे दही एक वाटी, दूध पाऊण वाटी, चांगली पिकलेली दोन केळी कुस्करून, वेलदोड्याची पूड, किंचित मीठ. सगळे कालवून अर्धा तास झाकून ठेवावे. रवा दूध पिऊन फुगला नाही तर केक कचकचीत लागतो. मिश्रण घट्ट वाटल्यास थोडे दूध आणखी घालावे.

मूठभर बेदाणे कोरड्या पिठात घोळवून मिश्रणात घालावे. पिठात घोळवल्याने ते तळाशी बसत नाहीत. ही शरणपूरची युक्ती. भांड्याला तूप लावून पीठ भुरभुरावे. अगदी शेवटी खाण्याचा सोडा चहाचा अर्धा चमचा घालून हलक्या हाताने एकदा ढवळावे आणि लगेच भांड्यात ओतावे. साहेबाच्या केकात फेटलेले अंडे हवा धरून ठेवते. इथे दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून वायू होतो व केक फुलतो. मिश्रण बांधून ठेवण्याचे काम केळे करते. वरून द्राक्षे अर्धी चिरून, बिया काढून, फडक्याने टिपून मांडावी. पाणी राहिले तर वरचा भाग ओला राहतो.

जुन्या जाड पातेल्यात दोन बोटे वाळू घालून, झाकण ठेवून, पंधरा मिनिटे तापवावी. वाळूवर लहान तिवई आणि तिच्यावर केकचे भांडे ठेवावे. मंद आचेवर पन्नास मिनिटे ते तासभर लागतो. पहिली चाळीस मिनिटे झाकण उघडू नये, नाहीतर केक बसतो. विणायची सुई टोचून कोरडी निघाली की झाला. पूर्ण निवल्याशिवाय कापू नये. केळी जळगावची, द्राक्षे आपल्या निफाड-दिंडोरीची. द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल; एरवी बेदाण्यांवर भागवावे.

शेवटी एक सूचना करते. यापुढे मंडळात कोणीही पदार्थ आणला तर अंडे आहे की नाही, हे आणणारीने आपण होऊन सांगावे, आणि न खाणारीने कारण मोकळेपणाने सांगावे. नाताळच्या डब्यात दोन्ही केक असतील, असे त्या बाईंनी कबूल केले आहे. तो डबा यंदा रिकामा परत जावा, हे आपल्या सर्वांच्या हातात आहे.