ट्रॉलीचा जॅक : दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



मी शिकवतो सस्यविद्या. मी यंत्रावर बोलायला उभा राहिलो म्हणून मागे बसलेले मिस्त्री हसत आहेत, ते मला दिसते आहे. पण पेरणीपूर्वी शेणखत आणि गाळ शेतात पडला नाही तर माझी सस्यविद्या पुस्तकातच राहते. ते पडणे आज बहुतेक गावांत ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकवर अवलंबून आहे.

आमच्या प्रक्षेत्रावर एका उन्हाळ्यात जॅक गळू लागला. सील बदलले. आठ दिवसांत पुन्हा गळती, पुन्हा नवे सील. तिसऱ्या वेळी दांडा पुसून नीट पाहिला तेव्हा त्यावर एक उभा ओरखडा सापडला, नख अडकेल एवढा. तोच दर वेळी नवे सील कापत होता. मागणीपत्रावर सही माझी होती, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही. खत ओढायचे दिवस मात्र हातचे गेले.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा, की दोष जॅकचा आहे का? बहुतेक ट्रॉल्यांच्या जॅकला एकच नळी असते. तेल दाबाने वर ढकलते आणि ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते. अशा जॅकमधून तेल निघायला दोनच वाटा असतात : सीलमधून बाहेर, किंवा नळीतून परत ट्रॅक्टरकडे. उचललेली ट्रॉली आपोआप खाली बसते आहे, पण जॅक, नळी आणि जोड कोरडे आहेत, तर जॅक खोलू नका. व्हॉल्व्ह तपासून घ्या. ट्रॉली उचलतच नसेल तर आधी ट्रॅक्टरमधील तेलाची पातळी, फिल्टर आणि नळीचे कपलिंग पाहावे. पलटी नांगराचे वेगळे आहे. त्याच्या सिलिंडरला दोन नळ्या असतात आणि पिस्टनचे सील झिजले तर तेल आतल्या आत पलीकडे जाते, बाहेर थेंबही दिसत नाही.

जॅकच गळतो आहे असे ठरले, की दांड्याचे सर्व टप्पे पुसून त्यांवर नख फिरवावे. दांडा गुळगुळीत असेल तर सील कडक झाले आहे असे समजावे. सीलकिट घालून काम भागते. बारीक टवका असेल तर तेलदगडाने घासून कड मोडता येते. नख अडकले, किंवा क्रोम उडून गंजाचे खड्डे पडले, तर नुसते सील घालणे म्हणजे पैसे पाण्यात. त्या टप्प्याला पुन्हा हार्ड क्रोम करावे लागते किंवा तो बदलावा लागतो. आतली नळी खोल चरली असेल, किंवा टप्पा वाकला असेल, तर मी नव्या जॅकच्या बाजूने आहे. वाकलेला टप्पा तापवून सरळ करून देणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

कारण त्यावर भार किती येतो ते पाहा. आठ सेंटिमीटर व्यासाच्या दांड्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब धरला तरी साडेसात हजार किलोंचा जोर होतो. उचललेल्या ट्रॉलीखाली वाकताना हा आकडा डोळ्यांपुढे असू द्या. मजबूत टेकू लावल्याशिवाय खाली जाऊ नये, पोरांना तर मुळीच पाठवू नये. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे तेल कातडीत शिरले तर जखम टाचणीएवढी दिसते, पण त्याच क्षणी दवाखाना गाठावा लागतो. आणि तेल भरलेल्या, बंद जॅकवर वेल्डिंग कधीही नको.

आता पैशाचे. सील, क्रोम, लेथची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळून आधी अंदाज लिहून घ्यावा. तो नव्या जॅकच्या निम्म्या किमतीपुढे गेला तर मी नवा घेतो. हा माझा हिशेब आहे, नियम नव्हे. मृगाला चार दिवस उरले असतील आणि क्रोमला पंधरा दिवस लागणार असतील, तर हिशेब बदलतो. भाड्याच्या ट्रॉलीच्या खेपाही त्यात धरा.

नवा घ्यायला जाताना जुना बरोबर न्यावा. बंद लांबी, पूर्ण उघडल्यावरची लांबी, टप्पे, पिनेची जाडी आणि नळीचा आटा जुळला पाहिजे. जुना वाकला होता तर तो का वाकला, तेही घरीच शोधून ठेवा : पिना-बुश झिजले होते, की उताराच्या जमिनीवर ट्रॉली उलटवत होता? ते तसेच ठेवले तर नवाही वाकेल. आणि जुन्या जॅकच्या तेलात धातूचा चुरा दिसला, तर नवा जोडण्यापूर्वी नळी धुऊन ट्रॅक्टरचे तेल व फिल्टर बदला. पुष्कळ ट्रॅक्टरांत हेच तेल गिअरलाही जाते.