सौम्य कोणास म्हणावे?



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. विषय निवडण्याची मुभा असल्यामुळे मी असा एक गुण निवडला आहे, ज्याची वाखाणणी सर्वजण करतात, परंतु जो आपल्या अंगी असावा असे फारच थोड्यांना मनापासून वाटते. तो गुण म्हणजे सौम्यता. ख्रिस्ती धर्मविचारात या गुणाला मोठे स्थान आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात ज्यांना धन्य म्हटले आहे, त्यांत सौम्य जनांचाही समावेश आहे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकजण ख्रिस्ती नाहीत, हे मी जाणतो. तरीही हा प्रश्न एका धर्माचा नसून जो कोणी दुसऱ्या माणसाबरोबर राहतो त्याचा आहे, असे मला वाटते.

आपण काचीगुड्यासारख्या वस्तीत वाढलो. येथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी एकाच गल्लीत नांदतात. हैदराबादच्या तहजीबीने आपणांस अदब शिकवली. दुसऱ्यास आधी वाट द्यावी, आवाज चढवू नये, वडीलधाऱ्यांपुढे मान लववावी, हे संस्कार मोलाचे आहेत. परंतु अदब ही वागण्याची रीत आहे आणि सौम्यता ही मनाची घडण आहे. वरिष्ठांपुढे अतिशय अदबीने बोलणारा माणूस घरी नोकरावर कसा ओरडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्याजवळ अदब होती, सौम्यता नव्हती.

दुसरी गल्लत याहून गंभीर आहे. दुबळ्याच्या मुकाट्याने सोसण्यालाच आपण सौम्यता समजतो. सुनेने उलट बोलू नये, चाकराने मान वर करू नये, विद्यार्थ्याने प्रश्न विचारू नये, असे सांगताना 'सौम्य असावे' हा उपदेश फार सोयीचा पडतो. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. ज्यांना सूड घेता येत नाही ते आपल्या असमर्थतेलाच चांगुलपणा म्हणतात आणि ज्यांना वाकावेच लागते ते आपल्या वाकण्याला आज्ञाधारकपणाचे नाव देतात, असा त्याच्या आक्षेपाचा आशय आहे. हा आक्षेप हसून टाळण्याजोगा नाही. सौम्यता म्हणजे केवळ नाइलाज असेल, तर तो सद्गुण नव्हे, आणि मुलांना तो शिकविण्याचा अधिकार कोणत्याही शाळेस नाही.

म्हणून मूळ शब्दाकडे वळू. मराठी बायबलात जेथे 'सौम्य' हा शब्द आहे, तेथे मूळ ग्रीकमध्ये 'प्राउस' हा शब्द आहे. अश्वविद्येवर लिहिताना झेनोफनने याच कुळातला शब्द माणसाळलेल्या शिंगरासाठी वापरला. घोडा माणसाळला म्हणून त्याचे बळ नाहीसे होत नाही; ते आवरलेले असते. ॲरिस्टॉटलने या गुणाची गाठ क्रोधाशी घातली. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच जो रागावतो, तो त्याच्या मते सौम्य. जेथे राग यायलाच हवा तेथेही ज्याला राग येत नाही, त्याला तर तो मूर्खात काढतो.

बायबलातील उदाहरणे पाहिली की हा अर्थ अधिक खोल जातो. जुन्या करारातील गणना या पुस्तकात मोशेला पृथ्वीवरील सर्वांहून नम्र म्हटले आहे. हा मोशे कोण? फारोच्या दरबारात उभा राहून गुलामांची मुक्तता मागणारा! सख्खी बहीण आणि भाऊ त्याच्याविरुद्ध बोलले तेव्हा त्याने स्वतःची बाजू मांडली नाही. परंतु त्याच बहिणीला कोड फुटले तेव्हा तिच्यासाठी देवाकडे त्यानेच याचना केली. येशूविषयीही हेच दिसते. त्याने दुसरा गाल पुढे करण्यास शिकविले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु महायाजकापुढील चौकशीत शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा त्याने हात उगारला नाही आणि तो गप्पही बसला नाही. माझे बोलणे चुकले असेल तर ते दाखव, चुकले नसेल तर का मारतोस, अशा अर्थाचा प्रश्न त्याने विचारला. सूड नाही, लाचारीही नाही. सौम्यतेचे याहून नेमके चित्र मला माहीत नाही.

आपल्या परंपरेतही याच्या जवळपासची चित्रे आहेत. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेल्या पैठणच्या नाथांची आख्यायिका आपण लहानपणी ऐकली आहे. गोदावरीत स्नान करून येणाऱ्या एकनाथांवर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकत राहिला आणि नाथ दर वेळी शांतपणे नदीकडे परतले. महापुरात लव्हाळे वाचते, ही तुकोबांची प्रतिमाही आपल्या ओठांवर असते. परंतु आपण ती बहुधा टिकून राहण्याची युक्ती म्हणून सांगतो. मी ज्या सौम्यतेविषयी बोलतो आहे ती जीव वाचविण्याची युक्ती नव्हे. ती कित्येकदा महागात पडते.

हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात मला स्पष्ट दिसते. हैदराबादहून मुंबईस जाणारी गाडी गुलबर्गा, सोलापूर, दौंड करीत पुण्याकडे जाते. दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथे रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. आणि वाटेवरच्या गुलबर्ग्यात, आजच्या कलबुर्गीत, १९१२च्या सुमारास, म्हणजे निजामाच्या राज्यात, त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुलींची शाळा निघाली. तिची धुरा त्यांची कन्या मनोरमा हिने वाहिली. तेव्हा रमाबाई आपल्याला परक्या नाहीत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८२ मध्ये त्या विधवा झाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथेच त्यांच्या सौम्यतेची पहिली परीक्षा झाली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय बिशपांच्या सल्ल्याने होऊ लागला. रमाबाईंनी त्याला हरकत घेतली. सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममातेला त्यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या उत्तरांचा आशय असा की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर दुसऱ्याचे जोखड मी मानेवर घेणार नाही; मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. हा पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला असून आजही वाचता येतो. त्यात प्रेम आहे, कृतज्ञता आहे, परंतु शरणागती नाही. सिस्टर सौम्यता मागत होत्या, की केवळ आज्ञापालन? मला वाटते, त्या दुसरे मागत होत्या आणि त्याला पहिल्याचे नाव देत होत्या.

१८८९ मध्ये मुंबईत निघालेले शारदासदन पुढे पुण्यास हलविले गेले. १८९३ मध्ये तेथे धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. 'केसरी'ने कठोर टीका केली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, पालकांनी मुली नेल्या. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी लोकांची अपेक्षा होती. म्हणून टीकाकारांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते, असे मी म्हणणार नाही. परंतु रमाबाईंनी ना आपली श्रद्धा लपविली, ना कार्य सोडले. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची आबाळ होते असे दिसताच, राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत याची भीड न बाळगता त्यांनी वृत्तपत्रातून उघड लिहिले. सरकारने आरोप फेटाळले. त्यांनी लिहिण्याचे कर्तव्य केले होते.

मग रमाबाई सौम्य कोठे होत्या? दुष्काळातून आणलेल्या अनाथ मुलींच्या गराड्यात. १९०० च्या सुमारास मुक्तीमध्ये सुमारे दीड हजार जीव होते. आणि माझ्या दृष्टीने त्याहूनही मोठी साक्ष म्हणजे त्यांचे बायबलचे भाषांतर. संस्कृतवर ज्यांची अशी हुकमत होती, त्या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि नुकत्या वाचू लागलेल्या बाईलाही कळावे म्हणून जडजंबाल संस्कृत शब्द बाजूस सारले. खिळे जुळविण्याचे कामही आश्रमातील स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये तो ग्रंथ समग्र प्रसिद्ध झाला. आपले पांडित्य मिरविण्याचे सामर्थ्य असताना ते दुसऱ्याच्या पायरीवर उतरून वापरणे, याला मी सौम्यता म्हणतो. योगायोग असा की, नीत्शेचा तो ग्रंथ निघाला त्याच १८८७ साली रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. नीत्शेला उत्तर देण्याचा त्यांचा हेतू नव्हता. परंतु त्यांचे आयुष्यच त्याला उत्तर आहे. बिशपांपुढे, सरकारपुढे ज्या वाकल्या नाहीत, त्याच आश्रमातील निरक्षर मुलीसाठी वाकल्या. हे नाइलाजाचे वाकणे नव्हते.

येशूने सौम्यांना जे देऊ केले त्यासाठी मराठी बायबलने 'वतन' हा शब्द योजला आहे. आपल्या मुलखात वतन कसे मिळे, हे देशमुख-पाटलांच्या इतिहासावरून आपण जाणतो. तलवारीने किंवा दरबारी चाकरीने ते मिळे आणि भाऊबंदकीत जाई. ओरबाडणाऱ्यांच्या हाती काही राहत नाही, ज्यांनी ओरबाडले नाही त्यांचीच अखेर ही भूमी, असे ते वचन सांगते. ते स्तोत्रसंहितेच्या सदतिसाव्या स्तोत्रातून आले आहे, आणि ते स्तोत्र दुर्जनांची भरभराट पाहून जळणाऱ्या माणसाला धीर देण्यासाठी रचलेले आहे.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण आज अधिकारपदांवर आहेत. कोणाच्या हाती कचेरी आहे, कोणाच्या हाती कारखाना, कोणाच्या हाती खडू. माझी विनंती एवढीच की, सौम्यतेचा उपदेश आपल्या हाताखालच्यांना करू नये. ज्याच्याजवळ बळ नाही त्याला आधी बोलण्याचे धैर्य द्यावे. सौम्यता ज्याच्या हाती छडी आहे त्याने शिकावी. वर्गातले मूल सौम्य आहे की भ्यालेले आहे, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे: ते आपणांस प्रश्न विचारते का? विचारत नसेल, तर उणीव मुलात नसून आपल्यात आहे, असे समजून कामाला लागावे.

 पटले नसेल तेथे अवश्य प्रश्न विचारावेत. ज्या गुरुवर्यांच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस मी अभिवादन करतो.