गव्हाण : प्राथमिक विभागातील नाताळचा आठवडा

(हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हैदराबादेत दसऱ्याची सुट्टी मोठी, संक्रांतीची त्याखालोखाल आणि नाताळची जेमतेम दोन-तीन दिवसांची. तरीही प्राथमिक विभागात सर्वांत गजबजलेले दिवस कोणते, असे विचारले तर शिक्षिका याच दिवसांकडे बोट दाखवतील. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस, दुसऱ्या दिवशी नाताळ, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ साली निघाले तो दिवस. या चार तारखांच्या मध्ये मुलांची गावाकडची एक धावती फेरीही होऊन जाते.

या दिवसांच्या तोंडावर पालकसभेत हमखास दोन प्रश्न येतात. शेजारच्या इंग्रजी शाळेत सांताक्लॉज येतो, मग आपल्या मुलांनीच काय केले आहे, हा पहिला. मराठी शाळेला नाताळाशी काय कर्तव्य, हा दुसरा. प्रश्न परस्परविरोधी दिसतात; त्यांच्या मुळाशी समजूत मात्र एकच, की नाताळ हा इंग्रजीचा सण आहे. वास्तविक ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापले गेले. त्यातील दहा हजारांहून अधिक ओव्यांत ख्रिस्तजन्माची कथा मराठीत येऊन गेली, तेव्हा शिवरायांचा जन्मही व्हायचा होता. फुलांमुलांचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांना वगळून मराठीचे पाठ्यपुस्तक पुरे होत नाही. २०२० साली उस्मानाबादेस, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. सांताक्लॉजबद्दल शाळेचा आकस नाही. लाल टोपी बाजारात कुठेही मिळते, ती मुलांनी खुशाल घालावी.

शाळा काय करते, ते मागील एका वर्षाच्या उदाहरणावरून सांगणे बरे. चौथीच्या वर्गात बाई ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगत होत्या. धर्मशाळेत जागा नव्हती, म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत निजविले, एवढे सांगून झाले आणि अठ्ठावीस चेहरे कोरेच राहिले. गव्हाण म्हणजे काय? एकाने गव्हाचे पोते सांगितले, दुसऱ्याने घुबडाची एक जात. घुबडाचे उत्तर अगदीच वाया गेलेले नव्हते, तसा पक्षी आहे. अखेर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे आजोबा नगर जिल्ह्यातून इकडे नोकरीला आले. तिची आजी नाताळच्या आदल्या रात्री मराठी बायबल मोठ्याने वाचते. बैलाला वैरण घालतात ती जागा, असे तिने सांगितले. तोवर ती मुलगी घरच्या नाताळाविषयी वर्गात कधी बोलली नव्हती. तो विषय शाळेचा आहे, असे तिला वाटलेच नव्हते.

१९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. आज शाळेत येणाऱ्या पुष्कळ घरांचे मूळ गाव नांदेड, परभणी, लातूरकडे आहे. पण आता तिसरी पिढी शिकते आहे. मैदानावर ती हिंदी बोलते, दुकानात तेलुगू. मराठी उरते ती घरात, आणि घरातली मराठी स्वयंपाकघर व अभ्यास यांपुरती आखडत चालली आहे. पटसंख्येची चिंता सर्वांनाच दिसते. ही दुसरी झीज हजेरीपटावर उमटत नाही.

म्हणून या सुट्टीत मुलांना एकच काम असते : गावाकडून पाच शब्द आणायचे. वस्तू पाहून, हाताळून, ती दाखविणाऱ्या माणसाचे नाते लिहून. देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला गेलेला एक मुलगा त्या वर्षी चक्क गव्हाणीचे माप घेऊन आला. तिसरीतल्या दोघी बहिणी लातूरकडे वेळ अमावास्येला गेल्या होत्या. त्यांनी शेतातली कडब्याची कोप, मडक्यातली आंबील, भज्जी आणि उंडे आणले, म्हणजे शब्द. उंडे वाटेतच संपले होते. कुणी हुरड्याची आगटी आणली. ज्यांच्या आईवडिलांना रजा मिळत नाही, ती मुले आजीला दूरध्वनी करून विचारतात, आणि असे शब्द कधी कधी अधिक चांगले असतात, कारण आजीला वस्तू दाखविता येत नाही, वर्णन करावे लागते. काही पालक कोशातून पाच शब्द उतरवून देतात. अक्षर मुलाचे असले, तरी बाईंच्या ते लगेच ध्यानात येते. या कामाला गुण नसतात.

३ जानेवारीला मुले आपापले शब्द वर्गाला समजावून सांगतात. त्या दिवशी फळ्याजवळची जागा मुलांची आणि बाकावरची बाईंची. ६ तारखेला त्यांचे भित्तिपत्रक जिन्याखालच्या भिंतीवर लागते. ‘गव्हाण’ या शब्दाखाली त्या वर्षी दोन नावे होती, नगरच्या आजीच्या नातीचे आणि माप घेऊन आलेल्या मुलाचे. चित्र दोघांनी मिळून काढले; त्यात बाळही आहे आणि बैलही.

जुनी भित्तिपत्रके प्राथमिक विभागाच्या कपाटात गुंडाळून ठेवली आहेत. महोत्सवासाठी ती संक्रांतीपर्यंत वरच्या सभागृहात मांडली आहेत. काहींच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत आणि काही नावे पुसट झाली आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपला शब्द सापडल्यास त्याखाली नाव पुन्हा लिहून जावे. पेन्सिल तेथेच ठेवली आहे.